जुन्या वस्तूला घरात नवं काम: तुमचे अनुभव लिहा

जुन्या बाजारातून, भंगारवाल्याच्या ढिगातून, कुणाच्या तरी रिकाम्या होणाऱ्या घरातून किंवा स्वतःच्याच माळ्यावरून उतरवलेली एखादी वस्तू तुमच्याकडे आता वेगळंच काम करतेय का? असेल तर इथे लिहा. फक्त 'आणली, पुसली, लावली, सगळे वा वा म्हणाले' एवढ्यावर थांबू नका. घेताना काय पाहिलंत, घरात आणण्याआधी तिचं काय काय करावं लागलं आणि आता ती नेमकी कशाला उपयोगी पडते, ते येऊ द्या. नुसती शोभेची असली तरी चालेल. पण माझं मत विचाराल तर, जिला घरात काम नाही ती जुनी वस्तू लवकरच धूळ खात पडते आणि मग टाकवतही नाही.

सुरुवात मी करते. खिडकीची जुनी सागवानी चौकट मिळाली होती, गज काढलेली. तिचा आरसा करायचा ठरवला. लांबी-रुंदी मोजून काचवाल्याकडे निघणार, तेवढ्यात सुतारकाकांनी थांबवलं आणि टेप चौकटीच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात लावला. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर मोठा निघाला! म्हणजे चौकट गुण्यातच नाही, कोपरे काटकोनात नाहीत. चौकोनी आरसा त्यात बसलाच नसता. मग पुठ्ठ्याचा साचा कापला, तो चौकटीत बसवून पाहिला आणि काच त्या साच्याबरहुकूम, पण चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कमी कापून घेतली. दमट हवेत लाकूड फुगतं, काच नाही. फट ठेवली नाही तर तडा काचेलाच जातो.

अजून एक गोष्ट त्यांनीच सांगितली. आरसा चिकटवायला साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरायचं नाही. त्यातलं आम्ल मागचा चांदीचा थर खातं आणि कडेने काळं पडत जातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्यायचं. आणि वजन! पाच मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, चौकटीचं वजन वेगळं. भिंतीत भोक पाडून, गिट्टी ठोकून, दोन ठिकाणी जाड स्क्रू. तसबिरीच्या खिळ्यावर हा आरसा टांगायचा नाही.

आता तुम्ही.

*

आरशाचा विषय निघालाच आहे तर. माझ्याकडचा आरसा चौकटीसकट जुना आहे, काळे ठिपके पडलेला. नवीन काच घालून घे असं सगळ्यांनी सुचवलं, मी घातली नाही. तोंड बघायला न्हाणीघरात दुसरा आहे. हा अंधाऱ्या पॅसेजमध्ये खिडकीसमोर लावलाय, उजेड आत ढकलायला.

पण असा आरसा घेणाऱ्यांनी एक पाहा. काचेवर चांदीचा थर चढवायची रीत युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्याआधीचे आरसे कथिल आणि पारा यांचे असत. खरंच तेवढा जुना, निळसर-करडी झाक असलेला आरसा हाती लागला तर मागची बाजू खरवडू नका. पारा निघतो.

*

शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी टाकून टेबल, हे आता घरोघरी दिसतं. आमच्याकडेही आहे, त्यामुळे नवल सांगत नाही. कामाचं तेवढं सांगते.

गंज तारेच्या ब्रशने काढला, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, रेड ऑक्साइडचा हात आणि मग काळा रंग. नक्षीच्या खाचांत रंग साचून नक्षी बुजते म्हणून दोन्ही हात पातळ दिले. चामड्याचा पट्टा काढून टाकला. पायडल आणि मोठं चाक जोडणारा दांडाही काढला. तो ठेवला तर खाली बसलेल्या मुलाने पायडल दाबलं की चाक गरकन फिरतं आणि बोट सापडायला वेळ लागत नाही. आता पायडल मोकळं हलतं, चाक जागचं हलत नाही. लिहिताना पाय आपोआप त्यावर जातात. नवरा म्हणतो, तू विचार करतेस ते खालून ऐकू येतं.

*

शिलाई मशीनवाल्या ताईंना एकच प्रश्न: वरचं मशीन चालू होतं की बंद? राग मानू नका. चालू मशीनचं धड भंगारात आणि पाय टेबलाला, असं फार ठिकाणी पाहतो म्हणून विचारलं. ही जुनी काळी मशीनं वर्षानुवर्षं पडून असली तरी तेल घातलं की मोकळी होतात, आणि साध्या मशीनच्या सुया, बॉबिन अजून मिळतात.

*

दादा, राग नाही. धड आधीच नव्हतं. फक्त पाय मिळाले होते.

*

मुद्दा मात्र बरोबर आहे आणि माझ्या रेडिओला तो लागू पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ. समोर कापडी जाळी, काचेच्या पट्टीवर दूरदूरच्या शहरांची नावं, बाजूला बेकेलाइटची गोल बटणं. मिळाल्यावर पहिली इच्छा होते ती वायर प्लगमध्ये घालून पाहण्याची. तेवढं करू नका. आतले जुने कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकलेले असतात, एकदम वीज मिळाली की फुटतात, ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी आग लागते. शिवाय मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवू शकतात, म्हणून मागचं झाकण उघडून हात घालणं हे जाणकाराचंच काम.

आतलं सगळं ओरबाडून काढून ब्लूटूथ स्पीकर बसवायचा, हा सोपा मार्ग. मी ज्यांच्याकडे नेला त्यांनी वेगळं सुचवलं. मूळ चॅसिस, म्हणजे आतली सगळी यंत्रणा बसवलेला सांगाडा, चार स्क्रूंवर असतं, ते अख्खं बाहेर येतं. ते कागदात गुंडाळून, कुठला स्क्रू कुठे लागतो ते लिहून, खोक्यात ठेवलं. पेटीला एकही नवीन भोक न पाडता आत फळीवर छोटा स्पीकर बसवला. पट्टीमागे एक पिवळसर एलईडी. उद्या कुणाला रेडिओ पुन्हा जिवंत करायचा असेल तर सगळं जागच्या जागी आहे. माझ्या लेखी बदल असा हवा की उलटा करता आला पाहिजे.

बटणं खरी बेकेलाइटची का, याची एक खूण आहे. बटण काढून घेऊन अंगठ्याने जोरात घासायचं आणि लगेच हुंगायचं. कार्बोलिक साबणाच्या वळणाचा उग्र वास येतो. लिओ बेकलँडने हे प्लॅस्टिक १९०७ मध्ये बनवलं. त्याआधीची पेटी म्हणून कुणी बेकेलाइटच्या बटणांचं काही विकत असेल तर हसून पुढे जा.

*

माझा अनुभव छोटा आहे. पत्र्याची ट्रंक, आता बैठकीतलं टेबल आणि आत पांघरुणं. वास जाता जात नव्हता. उघडी करून कडक उन्हात, मग आत कोळशाची टोपली ठेवून झाकण बंद, पुन्हा ऊन. असं आलटून पालटून केल्यावर गेला. अत्तर-बित्तर फवारू नका, दोन्ही वास एकत्र होऊन डोकं उठतं.

घरात लहान मुलं असतील तर कडी-कोयंडा काढून टाका आणि झाकण अर्ध्यावर थांबेल अशी पट्टी लावा. मुलं लपायला आत शिरतात, झाकण पडून कडी बसली तर आतून उघडत नाही आणि हवा फार वेळ पुरत नाही. मागच्या पत्र्याला मी भोकंही पाडून घेतली.

*

लाकडाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे पिढीजात सुतारकाम, त्यामुळे फर्निचर दिसलं की मी आधी खाली वाकते.

फळीला बारीक गोल भोकं असतील तर घाबरून जायचं कारण नाही. किडा कधीच उडून गेलेला असू शकतो. चालू आहे की संपलंय ते कळायला भोकांखाली काळा कागद पसरून वस्तू काही दिवस तशीच ठेवायची. कागदावर ताजं पिठासारखं भुसकट पडलं तर आत काम चालू आहे, ती वस्तू घरातल्या इतर लाकडाजवळ न्यायची नाही. वाळवीचं वेगळं: मातीच्या नळ्या दिसतात, टिचकी मारली की पोकळ वाजतं, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं की आत जातं. असं लाकूड मी फुकटही घेत नाही.

मग पॉलिश. खरवडायच्या आधी काय आहे ते कळायला हवं. मागच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा थोडा वेळ धरायचा. चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला तर ते लाखेचं पॉलिश. ते खरवडावं लागतच नाही, स्पिरिट आणि नवीन लाखेचा हात त्याच थरात विरघळून बसतो. काहीच झालं नाही तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तसलं काही, त्याला पॉलिश पेपरच लागेल.

रंगवलेलं असेल तर मात्र पॉलिश पेपर बाजूला ठेवा. जुन्या तेलरंगात शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती वापराच्या अशा रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली, भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे 'फार जुनं नाही हो' हा दिलासा पुरत नाही. कोरडं घासलं की ती धूळ घरभर होते आणि सर्वांत जास्त अपाय रांगणाऱ्या मुलांना. एक तर रंग घट्ट असेल तर त्यावरच नवीन थर द्या, किंवा ओलं घासा, बाहेर, मास्क लावून, आणि धूळ ओल्या फडक्याने उचला. झाडू नका.

खण अडकत असेल तर पट्ट्यांवर मेणबत्ती घासा. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक रंधा मारून घेतात आणि उन्हाळ्यात खण खडखडतो.

*

वरच्या पोस्टला हजार मोदक! ट्रकवरून उतरणाऱ्या पॅलेटच्या फळ्यांचं काय? मला त्यांची पुस्तकांची मांडणी करायची आहे.

*

पॅलेटवर डाग देऊन उठवलेला शिक्का असतो, कणसाच्या आकृतीशेजारी. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडून द्या. शिक्का नसेल किंवा तेलाचे डाग असतील तरी सोडा, काय सांडलं होतं कोण सांगणार. खिळे उपटायला वेळ लागेल, लगेच शेल्फ उभं राहील या आशेवर राहू नका.

*

मी या धाग्यावरची एकटी विरोधी पक्षातली दिसते. आमच्या घरात जुन्याचा ऊत आलाय. घंगाळात वर्तमानपत्रं, कंदिलात दिवे, शिडीवर टॉवेल, पेटीवर पेटी. पाहुण्याला बसायला सांगावं तर आधी ही खुर्ची बसायची की बघायची असं विचारतो. शेवटी मी एक नियम केला: एक आत येताना एक बाहेर. ह्यांनी तो मान्य केला आणि बाहेर काय काढलं, तर माझा मिक्सर.

*

हा हा, मिक्सर परत मिळाला का ते कळवा.

'अँटिक' म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या नव्या मालाबद्दल थोडं. पितळ म्हणतात तिथे चुंबक लावा, चिकटलं तर आत लोखंड. लाकडी वस्तूचे स्क्रू बघा. चार खाचांचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले, त्यामुळे शंभर-दीडशे वर्षं सांगत असतील आणि सगळे स्क्रू फुलीचे असतील तर निदान दुरुस्ती तरी झालेली आहे. खण उलटा करा: हाताने केलेल्या सांध्यांत दात थोडे लहान-मोठे असतात, यंत्राचे एकसारखे. आणि झीज कुठे आहे ते पाहा. हात लागतो तिथे, पाय घासतो तिथे हवी. सगळीकडे सारखी झिजलेली खुर्ची कुणी वापरत नाही, ती कारखान्यातच झिजवलेली असते.

*

घड्याळं गोळा करणाऱ्यांसाठी. पूर्वी अंधारात चमकायचे त्या काट्यांना रेडियम असे. आता चमकत नाहीत म्हणून रेडियम संपलं असं नव्हे. त्यातला चमकणारा जस्ताचा क्षार दमलेला असतो. रेडियमला निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. काच शाबूत असेल तर दूरच्या फडताळात ठेवा. ती उघडून काटे घासणं, रंगवणं नको, आणि उशाशीही नको.

*

कंदिलात बल्ब बसवणाऱ्यांनी कापडी वेष्टणाची जुनी वायर ठेवू नये, ती आतून भुगा झालेली असते. धातूच्या अंगाला अर्थिंग घ्या, वायर आत शिरते त्या भोकाला रबरी कडं घाला, बल्ब एलईडीच. माझ्या जिन्यात तीन आहेत, रात्री मोठा दिवा लावावा लागत नाही.

*

चिनी मातीची जुनी भांडी झाडांना दिली. खायला नको, कारण जुन्या झिलईत शिसं असू शकतं. तळाला भोक पाडायला डायमंड बिट, ड्रिल 'हॅमर'वर न ठेवता, आणि पाण्याची धार चालू. सुरुवातीला बिट तिरका धरला तर घसरत नाही. भोक पाडायचं जिवावर आलं तर कुंडी प्लॅस्टिकची, आत उतरवून ठेवायची, पाणी घालून निथळली की परत.

*

माझ्याकडे टाइपरायटर आलाय, मराठी कळफलकाचा. दिवाणखान्यात कोनाड्यात ठेवू की कळा काढून त्यांचं काही करू?

*

कळांना हात लावू नका! रिबन अजून मिळते. अर्ध्या इंचाची मागा, रिळं जुनीच ठेवून त्यांवर गुंडाळून घ्या. दांडे अडकत असतील तर तेल नको, त्यात धूळ बसून ते आणखी जड होतात. ब्रशला स्पिरिट लावून दांड्यांच्या मुळाशी फिरवा, हलवत राहा. मग इथे येऊन सांगा कुठली कळ बसत नाही ते, माझ्याकडे त्याच जातीचं एक मोडकं पडलंय.