अनुभव धागा : ताट बदलताना घरात आणखी काय बदलले?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून मराठवाड्यातही ज्वारीचे गुणगान नव्याने सुरू झाले आहे. मात्र आहाराची चर्चा ‘काय खावे, काय टाळावे’ यापुढे क्वचितच जाते. ज्यांनी आहारात बदल केला, त्यांना शेतात, कामाच्या वाटणीत, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळांत काय काय हलवावे लागले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. नुसत्या पाककृती नकोत.

औसा, जि. लातूर (शेतकरी)

आमच्याकडे खरिपात सोयाबीन आणि त्यामागून हरभरा, असा क्रम बसला आणि ज्वारी मागे पडली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडबा नसल्यामुळे जनावरे सांभाळणे परवडेना, आणि जनावरे विकल्यावर घरचे ताक आणि शेणखत दोन्ही संपले. सोयाबीन आमच्या चुलीवर शिजत नाही. ते अडतीवर घालायचे आणि आलेल्या पैशांतून पिशवीतले तेल व गव्हाचे पीठ आणायचे, असा उलटा व्यवहार आम्ही कितीतरी वर्षे केला. वडिलांना मधुमेह निघाल्यावर डॉक्टरांनी आहार बदलण्यास सांगितले. ज्वारी विकत आणणे सोपे होते, परंतु ती गव्हापेक्षा महाग पडत होती. म्हणून रब्बीत जमिनीच्या एका तुकड्यावर मालदांडी ज्वारी पेरली, कडेने करडईचे तास सोडले आणि कडब्याच्या भरवशावर गाय घेतली.

वडिलांचे चालणे वाढले ते या गायीमुळे. फिरायला जा म्हटले की ते टाळत. वैरण आणायला मात्र त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पहाटे धार काढायची असल्यामुळे रात्रीचे जेवणही आपोआप लवकर होऊ लागले. भाकरीतही पिष्ट असतेच, त्यामुळे ती किती खायची यावर लक्ष ठेवतो आणि औषधे डॉक्टरांना विचारूनच घेतो. ज्वारीने साखर बरी होते, असा दावा मी करणार नाही. येळवशीला (वेळा अमावास्येला) भज्जी आणि आंबील शेतातच खातो, त्या दिवशी मात्र कोणी मोजत बसत नाही.

परभणी (शिक्षिका)

दादांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु त्या घरात भाकरी कोण थापते, हे त्यात आले नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे असलेला थोडाफार चिकटपणाही, जाते आणि भाकरी परातीतच चिरते. त्यामुळे थोडे थोडे दळण आणणे, कढत पाण्याने पीठ मळणे आणि एकेक भाकरी थापून लगेच तव्यावर टाकणे, हे सारे सकाळच्या शाळेआधी बसवणे मला अशक्य होते. ‘पूर्वीच्या बायका करीत होत्या’ हे वाक्य आमच्याही घरात ऐकू आले. आम्ही त्यावर तोडगा काढला तो असा की दळण आणि पीठ मळणे यजमानांकडे, भाकरी फक्त संध्याकाळी, आणि डब्यात धपाटे. त्यांच्या हातची भाकरी अजून जगाच्या नकाशासारखी होते, पण सगळे एका वेळी जेवायला बसतात, आणि मुलांचे दूरदर्शनसमोर जेवणे सुटले ते यामुळेच, असे मला वाटते.

बीड जिल्हा (ऊसतोड कामगारांची मुलगी)

माझ्या आईवडिलांनी आयुष्यभर ज्वारी-बाजरीच खाल्ली. उसाच्या फडावर असताना पहाटेच्या अंधारात थापलेली भाकरी आणि चटणी दिवसभर पुरवायची, भाजी मिळेल तेव्हा, पाणी मिळेल तसे. आईला तरीही कायम अशक्तपणा असे. धान्य योग्य होते. विसावा, डाळ, पालेभाजी आणि दवाखाना यांपैकी काहीच वेळेवर नव्हते. मी आता अंगणवाडीत काम करते, तेव्हा मातांना आहार सांगताना आधी ‘तुम्ही शेवटी जेवता का?’ असे विचारते. उत्तर बहुधा ‘हो’ असते. मग त्यांच्या सासूबाईंनाही बोलावून बसवते, कारण पातेल्यात काय उरते, हे त्यांच्या हाती असते.

जालना (निवृत्त, वय ७४)

१९७२ च्या दुष्काळात आम्ही मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेला पिठाचा कोरडा खाऊ) खाऊन दिवस काढले, त्यामुळे जुने ते सगळे सात्त्विक, हे मला पटत नाही. ठेचा, लोणचे आणि पापड यांच्या रोजच्या ताटात मीठ किती जाते, हे बघा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. माझा रक्तदाब कळल्यावर मी भाकरीत मीठ घालणे बंद करवले. चवीत फरक जाणवला नाही.

धागाकर्ता

औशाच्या दादांना एक प्रश्न : करडईच्या काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत, असे अनेक जण सांगतात. आपण काय करता?

औसा

यंत्राने काढतो, कारण हाताने काढायला खरोखरच कोणी येत नाही. तेल लाकडी घाण्यावरून काढून आणतो. आणि ताई, भाकरी आमच्याकडे आई आणि पत्नीच थापतात. तुमचे वाचून घरी विषय काढला आहे, पुढचे कळवीन.