लाय, ले, लेड : मुलं भूतकाळातच का चुकतात?

सिडको_क्लास: नाशिकमध्ये दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘तो गवतावर पडून राहिला’ याचं हमखास ‘ही लेड ऑन द ग्रास’ होतं. राइझ-रेझचंही तेच. घोकंपट्टीशिवाय काही उपाय? आणि या जोड्या आल्या कुठून?

गोदाकाठ: मराठीत पडणं-पाडणं, बसणं-बसवणं आहे ना, तीच घडण. लाय म्हणजे आडवं होणं, ले म्हणजे आडवं ठेवणं. सिट-सेट आणि फॉल-फेल (झाड पाडणं) याच पठडीतले. संस्कृतातलं सीदति-सादयति तर सिट-सेटचं थेट नातेवाईक.

घोळ होतो तो लायचा भूतकाळच ‘ले’ असल्यामुळे. लाय-ले-लेन, ले-लेड-लेड. तुमच्या वाक्यात ‘ही ले ऑन द ग्रास’ हवं. मुलांना आधी मराठी वाक्य भूतकाळात बोलायला लावा. ‘तो पडून राहिला’, कर्म नाही, ‘ने’ नाही, म्हणून ले. ‘त्याने चटई अंथरली’, चटई हे कर्म, म्हणून ‘ने’ आला, म्हणून लेड. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागत नाही, तिथे ‘त्याने’ घालून बघायचं. खोटं बोलण्याचं लाय वेगळ्याच धातूचं, त्याचं लाइड.

रामकुंड: राइझ-रेझला पुराची वाक्यं द्या, नाशिकची मुलं विसरणार नाहीत. गंगापूर धरणाचे दरवाजे उचलले : दे रेझ्ड द गेट्स. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढलं : द वॉटर रोझ. राइझ जुन्या इंग्रजीतलं, रेझ मात्र व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेलं.

जुनं_व्याकरण: ‘ने’ची युक्ती झकास, पण लेंड-बॉरोला चालणार नाही, दोन्हीकडे ‘ने’ येतो. मराठीत उसनं घेतलंही जातं आणि दिलंही, म्हणून गोंधळ. तिथे ‘कडून’ असेल तर बॉरो फ्रॉम, ‘ला’ असेल तर लेंड टू. लेंडमधला ड मूळचा नाही, भूतकाळी रूपातून चिकटलाय. हँगला तर अर्थच बघावा लागतो : माणसाला फाशी दिली तर हँग्ड, शर्ट टांगला तर हंग.

सिडको_क्लास: ‘ने’ उद्याच वापरते. पण ‘द सन सेट्स’मध्ये कर्म कुठंय?

गोदाकाठ: नाहीच. सूर्य मावळणं आणि सिमेंट घट्ट होणं, दोन्हीकडे सेट कर्माविना येतं. हे दोन पाठच करून घ्या. भूतकाळही सेटच, तेवढं बरं.