साडेपाचशे डॉलरचं क्लच किट की थोडी वजनं आणि एक काटा?

कॉपरहार्बरकर (मूळ धागा)

उन्हाळ्यात आयडाहोतून जुनी स्लेड (बर्फावर पळणारी स्नोमोबाइल) उचलली. स्की-डू समिट ८५०, विनाटर्बो, १६५ हॉर्सपॉवर. आधीचा मालक ती आठ-नऊ हजार फुटांवर पळवायचा. मी राहतो मिशिगनच्या यूपीत (उत्तर प्रदेश नव्हे, अप्पर पेनिन्सुला), लेक सुपीरियरच्या काठाशी. इथली उंची सहा-सातशे फूट.

डिसेंबरात सरळ ट्रेलवर थ्रॉटल पूर्ण दाबला आणि आरपीएमचा (मिनिटाच्या फेऱ्यांचा) आकडा ८,२०० च्या वर जाऊन इंजिन लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, तडतडायला लागलं. या इंजिनाची खरी ताकद ७,९०० आरपीएमला असते. त्याच्या वर नुसता कंठशोष.

कारण साधं आहे. उंचीवर हवा विरळ, हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद जाते. म्हणून तिकडे पुढच्या क्लचमध्ये (स्लेडचे क्लच म्हणजे बेल्टने जोडलेल्या दोन पुल्या, पुढची वजनांच्या जोरावर मिटते) हलकी वजनं घालतात. खाली आल्यावर इंजिनाला पूर्ण श्वास मिळतो, पण हलकी वजनं क्लच वेळेत मिटवू शकत नाहीत आणि इंजिन मोकाट सुटतं.

दुकानदाराने लगेच बाहेरच्या कंपनीचं पूर्ण किट काढलं: वजनं, दोन्ही स्प्रिंगा, मागच्या क्लचचा हेलिक्स (मागची पुली किती झटकन उघडेल ते ठरवणारा तिरक्या कोनाचा तुकडा). साडेपाचशे डॉलर. मी नको म्हटलं. घरी दोन्ही पुल्या घासून पुसल्या, बेल्टचा ताण बघितला, पुढच्या क्लचचा क्लिकर (आरपीएम कमी-जास्त करायचा टप्प्यांचा स्क्रू) पाचवरून तीनवर आणला. एका आकड्याला ढोबळमानाने दोनशे आरपीएमचा फरक पडतो. तरी थोडं वर राहिलं, म्हणून प्रत्येक आर्मला (वजन धरणाऱ्या दांड्याला) दोन-दोन ग्रॅम चढवले. आता ७,९०० ते ७,९५०. खर्च तीस डॉलरच्या आत.

ट्रेलवर चालवणाऱ्याला पूर्ण किट विकणं म्हणजे सर्दीला ऑपरेशन सांगणं. बोला.

हेलिक्सवाला

असहमत. तुम्ही फक्त टोकाचा आकडा जुळवलात. क्लचिंग म्हणजे टॅकोमीटरवरचा एक आकडा नव्हे.

वजनाचे एकूण ग्रॅम किती, यापेक्षा ते कुठे बसलेत हे मोठं. आर्मच्या टाचेकडचं (मुळाकडचं) वजन सुरुवातीला जोर धरतं, टोकाकडचं वरच्या वेगाला आरपीएम दाबून ठेवतं. तुम्ही दोन ग्रॅम नेमके कुठे घातले? लिहिलेलंच नाही. पुढची स्प्रिंग तशीच, म्हणजे क्लच कधी पकडणार हे आधीच्या मालकाने ठरवलेलं. आणि हेलिक्स? त्याचा कोन मोठा असला की क्लच पटकन वर, म्हणजे वरच्या गिअरकडे, चढतो, पण थ्रॉटल सोडून परत दाबला की खाली यायला कुचराई करतो. कोन लहान केला की उलट.

एक करा. ताशी साठ मैलांवर थ्रॉटल सोडा, तीन-चार सेकंदांनी पूर्ण दाबा. इंजिन ७,२०० वर घुटमळत राहिलं आणि मग चढलं, तर तुमचे तीस डॉलर अर्धवट कामाला लागलेत. किटमधले तुकडे एकमेकांना बघून जुळवलेले असतात, पैसे त्याचे असतात.

भोसरीचा_टर्नर

बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलाय, तरी नाक खुपसतो. तुमचा हा क्लच म्हणजे आमच्या स्कूटरचा व्हेरिएटरच की! तिथे वजनं, इथे रोलर. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हापासून पुण्यातल्या गॅरेजवाल्यांना हे पाठ आहे.

इथे पोरं काय करतात? हलके रोलर टाकतात. गाडी भांभां ओरडते, सिग्नलला उडी मारते, पोरगं खूश. महिन्याने येतं, काका, टॉप स्पीड गेला आणि पेट्रोल खाते. आवाजाला ताकद समजतात. कॉपरहार्बरकरांनी आवाज कमी केला, म्हणजे माणूस शहाणा.

पण हेलिक्सवाल्यांचंही पटतं. मागची स्प्रिंग मऊ पडली असेल तर पुढे कितीही ग्रॅमचा हिशोब करा, चढाला बेल्ट घसरणारच.

रेव्हेलस्टोकची_राणे

दोघेही विनाटर्बोबद्दल बोलताय म्हणून मधे पडते. माझी टर्बो आर, १८० हॉर्सपॉवर. टर्बोत खेळच वेगळा. २०२० ला पहिली फॅक्टरी टर्बो ८५० आली तेव्हा मुख्य मुद्दाच हा होता की आठ हजार फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकते. म्हणजे उंची बदलली म्हणून वजनं बदलायची कटकट बरीच संपली. तरी इथे पार्किंगमध्ये दर तिसरा माणूस "स्टॉक क्लचवर चालवतेस?" असं विचारतो, जणू मी अनवाणी आलेय.

ईसीयू फ्लॅश करून (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून) ताकद वाढवली असेल तर वजनं बदलावीच लागतात, तिथे वाद नाही. नसेल तर हात लावू नका.

मी लावला होता. मागच्या सीझनला एक किट मागवलं (नाव घेत नाही). तिन्ही वजनांवर एकच नंबर कोरलेला. बसवल्यावर हँडलमध्ये बारीक गुणगुण. परत काढून तोलली तर एक वजन बाकी दोघांपेक्षा ०.६ ग्रॅमने जड! आठ हजार आरपीएमला फिरणाऱ्या वस्तूत ०.६ ग्रॅम. बेल्ट डोंगराच्या कुशीत तुटला, नशीब हे की सपाटीला होते आणि सुटा बेल्ट सोबत होता. नवीन पार्ट आला की आधी तोला, मग बसवा.

कॉपरहार्बरकर

@हेलिक्सवाला, वजन टोकाकडे घातलं. टाचेला हात नाही लावला, कारण सुटताना गाडी व्यवस्थित उचलते. साठ मैलांची चाचणी केली नव्हती, कबूल. करून सांगतो.

@रेव्हेलस्टोकची_राणे, मी पण तोलली. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन घेतला, ०.०१ ग्रॅम दाखवतो. बायको म्हणाली सोनं नाही, नाणं नाही, काटा कशाला. माझी तिन्ही वजनं ०.१ च्या आत जुळली.

शून्याखाली_सई

हौटनला शिकते, आमच्या मिशिगन टेकने क्लीन स्नोमोबाइल चॅलेंज (विद्यार्थ्यांची स्लेड सुधारायची स्पर्धा) वर्षानुवर्षं भरवलीय, त्यामुळे हे वाद रोज कानावर. माझी तक्रार दोन्ही पक्षांशी आहे.

एक, तुमच्या चाचण्या कोणत्या बर्फावर? कडक ट्रेलवर ७,९०० आलेली स्लेड दोन फूट ताज्या बर्फात गेली की ट्रॅकवर भार वाढतो आणि तोच सेटअप दोन-तीनशेने खाली बसतो. मग सगळे क्लचला शिव्या देतात.

दोन, तापमान कुणीच लिहिलं नाही. दमदार पाच मिनिटं चालवा, इंजिन बंद करा, किल्ली आणि टेदर (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) काढा, मग कव्हर उघडून इन्फ्रारेड गन दोन्ही पुल्यांवर धरा. मागची पुली पुढचीपेक्षा खूप गरम असेल तर बेल्ट मागे घसरतोय, स्प्रिंग किंवा हेलिक्स बघा. पुढची गरम असेल तर वजन किंवा पुढची स्प्रिंग. नुसता हात लावूनही कळतं: पाचेक सेकंद धरवत नसेल तर काहीतरी बिघडलंय. या मापाशिवाय किट घेणं आणि किट नाकारणं, दोन्ही अंदाजपंचे.

वॉरंटीची धमकी पण ऐकते मी. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे निव्वळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून अख्खी वॉरंटी उडवता येत नाही, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे कंपनीने दाखवावं लागतं. पण राणेताई कॅनडात आहेत, त्यांनी तिकडचं बघावं.

हेलिक्सवाला

सई, मुद्दा मान्य. पण ट्रेलवाला तापमान मोजत बसत नाही गं, म्हणून तर किट विकली जातात.

भोसरीचा_टर्नर

आमच्याकडे पण हेच. मोजणारा एक, विकत घेणारे शंभर.

कॉपरहार्बरकर

काल संध्याकाळी दोन्ही केलं. उणे अकरा सेल्सियस, कडक ट्रेल. साठवरून सोडून दाबलं: ७,३०० वर दोन सेकंद अडकली, मग ७,९००. पुढची पुली ६१ अंश, मागची ७८.

हेलिक्सवाला

बघा. मागे घसरतोय. मागच्या स्प्रिंगला वय झालंय, बहुतेक मूळचीच असणार.

कॉपरहार्बरकर

म्हणजे साडेपाचशे नाहीत, एक स्प्रिंग.

हेलिक्सवाला

आणि हेलिक्स. माझ्याकडे एक लहान कोनाचा पडलाय, शनिवारी ईगल रिव्हरला येतोय. लावून बघा, नाही पटला तर परत द्या.

कॉपरहार्बरकर

या. काटा आणि गन मी आणतो. आधी माझ्या स्प्रिंगवर तीन फेऱ्या, मग तुमच्या हेलिक्सवर तीन. मधे कव्हर उघडायला किल्ली सईकडे.