वरून गळती, खर्च कोणाचा? मदत हवी आहे (तातडीने)

ओली_भिंत
सरळ मुद्द्यावर येते. बेडरूमच्या छताला ओल आली आहे, पोपडे पलंगावर पडतात, कपाटामागची भिंत काळी पडली आहे. वरचे म्हणतात आमच्याकडे काही गळत नाही. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही मिटवा. महाराष्ट्रातली नोंदणीकृत सोसायटी आहे. नियमाने खर्च कोणी करायचा, एवढंच सांगा. 'समजुतीने घ्या' नको, ते करून झालंय.

मीच_सचिव
वर काय आहे, फ्लॅट की गच्ची? पावसातच गळतं की बाराही महिने? इमारत किती जुनी? एवढं कळल्याशिवाय कोणता नियम सांगायचा?

कोबावाला
गच्चीला विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घाला. केमिकलच्या नादी लागू नका, दोन पावसाळ्यांत निघतं. उतार नीट काढा आणि कठड्याच्या कडेला गोलाई द्या, पाणी तिथूनच शिरतं.

ओली_भिंत
गच्चीचं नाव कोणी काढलं? वर फ्लॅट आहे, त्याच्याही वर फ्लॅट आहेत.

रेरा_जाणकार
शेजारी आणि सोसायटी दोघांनाही सोडा, बिल्डरला धरा. रेरा कायद्याचं (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम 14(3) वाचा. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर कळवल्यावर 30 दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा.

मीच_सचिव
इमारतीचं वय विचारलंय, ते येऊ तर द्या.

ओली_भिंत
20 वर्षांच्या वर आहे. उन्हाळ्यातही ओल होती. आता सांगाल का?

रेरा_जाणकार
मग माझा मुद्दा बाद. पण इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून राहू द्या.

उपविधी_काका
ताई, पाणी कुठून येतं यावर सगळं ठरतं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, विभागणी केलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरची सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइन ही सोसायटीची जबाबदारी. गच्चीतून झिरपून सर्वांत वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर तेही सोसायटीच करते. फ्लॅटच्या आतलं संडास, बाथरूम, सिंक यांची गळती मात्र त्या सभासदाने आपल्या खर्चाने काढायची. उन्हाळ्यातही ओल असेल तर पाऊस वगळा. राहिलं वरचं बाथरूम नाही तर डक्टमधली (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतली) उभी लाइन. वरच्याकडे पैसे मागायचे की सोसायटीकडे, हे कारण सापडल्यावरच कळेल.

ओली_भिंत
पण बेडरूमच्या वर त्यांची बेडरूमच आहे, बाथरूम बाजूला आहे!

पान्हा
पाणी सरळ खाली येत नाही हो. बाथरूमच्या फरशीखाली भराव असतो, त्यात साठतं आणि स्लॅबमधून वाट मिळेल तिकडे सरकतं. आधी वरच्यांचा बाथरूमचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला सांगा. ओल सरकायची थांबली तर आतली दाबाची लाइन फुटलीय. फरक नाही पडला तर नहाणी ट्रॅपला (फरशीतलं पाणी जायचं भोक) बूच लावा, बाथरूममध्ये दोन बोटं रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवा. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅप. तेही नाही तर डक्ट उघडून उभी लाइन बघायची. भरावातलं पाणी उतरायला वेळ लागतो, लगेच निकाल लावू नका. आणि हे होईपर्यंत छत रंगवू नका, पैसे वाया.

टाळं_लावा
एवढे उपद्व्याप कशाला? मेंटेनन्स भरणं बंद करा, सोसायटी आपोआप धावत येते. आमच्याकडे तसंच झालं.

मीच_सचिव
कृपा करून असलं काही शिकवू नका. थकबाकीवर द.सा.द.शे. 21 टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, शिवाय सहकार खात्याकडून वसुलीचा दाखला काढून सोसायटी रक्कम वसूल करते. तक्रारदाराचीच थकबाकीदार म्हणून नोंद होते आणि मीटिंगमध्ये त्याचं तोंड बंद करायला आयतं कारण मिळतं.

टाळं_लावा
सचिव लोक हेच बोलणार. दुरुस्ती निधीचे पैसे घेताना कसे नियम आठवतात? बांधकाम खर्चाच्या 0.75 टक्के दर वर्षी जमा होतात ना, ते कशासाठी?

मीच_सचिव
सामाईक दुरुस्त्यांसाठी. वरच्यांच्या फ्लॅटमधल्या नळाच्या गळतीसाठी नाही. आणि 0.75 टक्के हे किमान, ठरवते सर्वसाधारण सभा. आपल्या सभेला किती लोक येतात ते वेगळं विचारायला नको.

भाड्याचं_घर
मध्येच विचारते, माझ्या भाड्याच्या घरातला गिझर बंद पडलाय, मालक म्हणतात तुम्हीच बघा. कोणी करायचा?

रेरा_जाणकार
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. मालकाने दुरुस्ती केली नाही तर 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः करा आणि भाड्यातून कापा. वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच कापता येतं.

उपविधी_काका
अहो, ते भाडेकरूंसाठी. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर कायद्याने तो भाडेकरू धरत नाहीत, करारात काय लिहिलंय ते आधी बघायचं. आणि कलम 14 घर राहण्यायोग्य ठेवण्याबद्दल आहे, गिझर त्यात बसवायचा म्हणजे वाद आलाच. आता मूळ विषयावर येऊ का?

ओली_भिंत
हो, कृपया! वरचे प्लंबरला आतच घेत नाहीत. म्हणजे तिथे राहणारे घेतील, पण मालकाने नको म्हटलंय.

मीच_सचिव
म्हणजे तिथे भाडेकरू आहेत? मग त्यांच्याशी भांडू नका, सभासद मालक आहे, जबाबदार तोच. दुरुस्तीची गरज तपासण्यासाठी पूर्वसूचना देऊन फ्लॅट पाहण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिला आहे. लेखी मागणी करा, पोच घ्या. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर 5 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) हवंच, त्याचा अहवालही मागा. मालक राहतात कुठे?

ओली_भिंत
ए विंगमध्ये. अध्यक्ष आहेत ते.

टाळं_लावा
बघा! 😂

उपविधी_काका
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं हो. ज्या विषयात स्वतःचा संबंध आहे तो चर्चेला आला की समिती सदस्याने त्या सभेत हजर राहायचं नसतं, हेही उपविधींतच आहे. पत्र सचिव आणि समितीच्या नावे द्या, अध्यक्षांच्या नावे नको. त्यात तपासणीची मागणी करा, पैशांची नंतर. 'मिटवा' म्हणाले ते लेखी मागा. टाळाटाळ झाली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

ओली_भिंत
पत्र उद्याच देते. व्हॉल्व्हचं भाडेकरूंना आज विचारते, त्याला मालकाची परवानगी लागू नये.

भाड्याचं_घर
करारात गिझरचा उल्लेखच नाही. मग?