शब्दचर्चा : ‘शरीर, मन आणि आत्मा यांचे संतुलन’ आणि ‘जीवनाचा उद्देश’

विचारणा :
एका निवासी योगशिबिराच्या माहितीपत्रकाचे मराठी तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ‘शरीर, मन आणि आत्मा यांचे संतुलन साधून आपल्या जीवनाचा उद्देश शोधा’ असे वाक्य आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नाही, तरी ते कानाला खटकते. ‘संतुलन’ऐवजी ‘समतोल’ लिहिले तर पुरेल का, आणि ‘उद्देश’ हा शब्द इथे शोभतो का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद :
‘समतोल’ घातल्याने वाक्य मराठी दिसेल, पण मूळ अडचण सुटणार नाही. ‘तोल’ हा तराजूचा शब्द आहे, आणि तराजूला दोनच पारडी असतात. जमा आणि खर्च, नोकरी आणि संसार अशा जोड्यांमध्ये एकीकडे जास्त पडले की दुसरीकडे कमी होते, म्हणून तिथे समतोल राखावा लागतो. शरीराला जास्त मिळाले म्हणून मनाला कमी पडले, असे मात्र होत नाही. उलट अंगातला ताप उतरला की मनालाही हुशारी वाटू लागते. ‘समतोल आहार’ बरोबर आहे, कारण तिथे प्रश्नच प्रमाणाचा आहे.

या तिघांचा एकत्र उल्लेख आपल्याकडे जुना आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ‘सत्त्वमात्मा शरीरं च त्रयमेतत्त्रिदण्डवत्’ असे म्हटले असून, यांतील ‘सत्त्व’ म्हणजे मन. पुढच्याच ओळीत ‘लोकस्तिष्ठति संयोगात्’ असे येते. तीन काठ्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात आणि एक काढली की उरलेल्या दोन्ही कोसळतात, असा तो दृष्टान्त आहे. तेथील शब्द ‘संयोग’ आहे, हे लक्षात घ्यावे. त्याच अध्यायात शरीर, इंद्रिये, मन आणि आत्मा यांच्या संयोगालाच ‘आयु’ म्हटले आहे आणि ‘जीवित’ हा त्याचा पर्याय दिला आहे. आपण तो शब्द आज वर्तमानपत्रातल्या ‘जीवितहानी’पुरताच उरवला आहे.

साम्याची भाषा आयुर्वेदाचा दुसरा प्राचीन आचार्य सुश्रुत याने केलेल्या ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी माणसाच्या प्रसिद्ध व्याख्येत येते, पण तिची विभागणी पाहण्यासारखी आहे : ‘समदोषः समाग्निश्च समधातुमलक्रियः। प्रसन्नात्मेन्द्रियमनाः स्वस्थ इत्यभिधीयते॥’ ‘सम’ हे विशेषण दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांना, म्हणजे शरीरातल्या गोष्टींना, लागले आहे. आत्मा, इंद्रिये आणि मन यांच्याकडून अपेक्षा आहे ती प्रसन्नतेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 पासून लागू असलेल्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे असे म्हटले आहे, मात्र तिथे शरीर आणि मन यांच्या जोडीला तिसरे स्थान सामाजिक स्वास्थ्याला दिले आहे.

मराठीने तर ‘स्वस्थ’ शब्दाचे फारच मजेदार केले आहे. ‘स्व’मध्ये स्थित असलेला तो स्वस्थ. हिंदीत त्याचा अर्थ निरोगी असा राहिला. आपल्याकडे मात्र आजी नातवाला ‘जरा स्वस्थ बस’ म्हणते, तेव्हा त्याच्या तब्येतीशी तिला काही कर्तव्य नसते, कारण तो ठणठणीत आहे हीच तिची अडचण असते. शरीराचा अर्थ आपण रजेच्या अर्जातल्या ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे’ या शब्दात जपून ठेवला आणि एरवी ‘अस्वस्थ’ हा शब्द मनाला देऊन टाकला. माहितीपत्रकात ‘स्वस्थ’ वापरायचा झाल्यास हा फरक सांभाळावा लागेल.

‘संतुलन’च्या जागी मी ‘मेळ’ सुचवेन. मेळ कितीही जणांचा बसतो.

‘उद्देश’ मात्र बदलावाच. उद्देश सभेचा किंवा योजनेचा असतो. ‘हेतू’ला संशयाचा वास आहे, ‘त्याचा हेतू काय?’ असे आपण कौतुकाने क्वचितच विचारतो. ‘ध्येय’ चांगला शब्द आहे, पण ते माणूस ठरवतो किंवा गाठतो. ‘शोधा’ हे क्रियापद येथे उसने वाटते. मराठी माणूस जन्माचे सार्थक झाले असे म्हणतो, आणि तेही बहुधा मागे वळून पाहताना.

दुसरा प्रतिसाद :
वरील विवेचन बव्हंशी पटले, परंतु ‘शोधा’ उसने आहे हे मान्य करता येत नाही. चरकसंहितेच्याच सूत्रस्थानातील, म्हणजे पहिल्या विभागातील, अकराव्या अध्यायात ‘तिस्र एषणाः पर्येष्टव्या भवन्ति’ असे वाक्य आहे. एषणा म्हणजे इच्छा आणि शोध दोन्ही. ‘गवेषणा’ या शब्दात ती आजही आहे. माणसाने ज्यांच्या मागे लागावे अशा तीन गोष्टी तिथे क्रमाने सांगितल्या आहेत : प्राण, धन आणि परलोक. साधनांवाचूनच्या दीर्घायुष्यासारखे दुसरे पाप नाही, असे बजावून ग्रंथकार शेती, पशुपालन, व्यापार आणि राजसेवा अशी कमाईची साधनेही मोजून दाखवतो. परलोकाशी आल्यावर मात्र, येथून गेल्यावर आपण असू की नसू, ही शंका तो स्वतःच मांडतो आणि मग तिचा दीर्घ विचार करतो. शिबिरांच्या पत्रकांत थेट आत्म्यापासून सुरुवात होते आणि पोटापाण्याचा विषय वगळलेला असतो. मला तरी चरकाचा क्रम अधिक प्रामाणिक वाटतो.

तेव्हा शोध राहू द्यावा, उद्देश काढावा. ‘आयुष्य वेचणे’ हा आपला रुळलेला वाक्प्रचार येथे कामास येईल : ‘शरीर, मन आणि आत्मा यांचा मेळ बसवत, आयुष्य कशासाठी वेचायचे याचा शोध घ्या.’ एकच शब्द हवा असेल, तर ‘जीवितकार्य’ वापरावा. तो जोडून लिहावा, कारण ‘जीवित कार्य’ असे तोडले की ते कार्यच जिवंत असल्याचा अर्थ निघतो.