शेजारच्या वस्तीवरची कुत्री शेळ्यांवर येतात; जाळी कशी करावी, तक्रार कुठं करावी?

कोरडवाहू_मंगळवेढा

वस्तीवर २२ उस्मानाबादी शेळ्या आणि ९ करडं आहेत. गोठ्याला तीन बाजूंनी पत्रा, पुढं ३० बाय ४० फुटांचं मोकळं आवार आणि त्याला ४ फुटी चेनलिंक जाळी. रान काळं आहे. बांधापलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री रात्री मोकळी असतात, त्यातलं एक उंच, कारवानी (शिकारी जातीच्या) वळणाचं. गेल्या आठवड्यात पहाटे आवारात दोन करडं मेली आणि एका गाभण शेळीच्या मागच्या मांडीला चावे पडले. तिच्या जखमा वरून सुकल्यात. जाळी कुठं फाटलेली नाही. शेजारी म्हणतात, लांडगा असेल. ते भावकीतलेच आहेत, त्यामुळं भांडण वाढवायचं नाही, पण पुढचं वेत पण घालवायचं नाही. लांडगा की कुत्रं हे कसं ठरवायचं? जाळीत काय बदल करावा? कुणी म्हणतं विष घाला, ते करणार नाही, पण कायद्यानं काय करता येतं?

माळरान

मांडीला चावे आणि करडं तिथंच पडलेली, एवढ्यावरून तरी कुत्र्याचंच काम वाटतं. लांडगा खाण्यासाठी मारतो. एखादं करडू उचलून लांब नेतो, नाहीतर नरडं किंवा पोट फोडून खातो. कुत्रं पळणाऱ्याच्या मागं लागतं, म्हणून त्याचे चावे मागच्या मांड्या, शेपूट, कास, कान असे विखुरलेले असतात. चार-पाच जनावरं जखमी आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं तर बहुतेक वेळा गावातलीच टोळी असते.

पुढच्या वेळी (न येवो ती वेळ) मेलेलं जनावर हलवू नका. डॉक्टरांना शवविच्छेदनात कातडं सोलून बघायला सांगा. दाताच्या खुणेखाली मांसात काळपट रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. साकळलेलं नसेल तर जनावर आधीच मेलेलं होतं आणि कुत्र्यांनी नंतर तोंड घातलं. बिबट्याची खूण वेगळी असते, नरड्याला सुळ्यांची खोल भोकं आणि ओढत नेल्याचा माग. आपल्या जिल्ह्यात २०२० च्या डिसेंबरात करमाळ्याकडं बिबट्यानं माणसं मारली होती, म्हणून ती शक्यता बघूनच सोडायची.

पायाच्या ठशावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. लांडग्याचा माग सरळ रेषेत जातो आणि कुत्र्याचा भटकत, हे खरं, पण मोठ्या गावठी कुत्र्याचा ठसा बघून वनरक्षकसुद्धा चटकन निकाल देत नाही. त्यापेक्षा जाळीच्या खालच्या तारेत अडकलेले केस बघा.

हे ठरवणं पैशासाठीही लागतं. लांडगा, तरस, बिबट्या यांनी मारलं तर वन विभागाची भरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत कळवावं लागतं आणि जागेवर पंचनामा व्हावा लागतो. हेल्पलाइन १९२६. कुत्र्यानं मारलं तर वन विभाग एक रुपया देत नाही. शेजाऱ्याला वाचवायला ‘लांडगा’ लिहून द्याल तर पंचनाम्यात उघडं पडतं, आणि उद्या खरंच लांडगा आला तर तुमचं कुणी ऐकणार नाही.

गोठा_आणि_सुई

जाळीचं नंतर बघा, आधी ती गाभण शेळी. ‘वरून सुकल्यात’ हेच घात करतं. कुत्र्याचा दात बाहेर हरभऱ्याएवढं भोक पाडतो, पण जबडा झटकल्यानं आतलं मांस फाटतं आणि कातडं सुटं होतं. वरची खपली धरली की आत पू साचतो. जखमेभोवतीचे केस कात्रीनं काढा आणि बोटानं दाबत जा. कुठं पिचपिच लागलं किंवा घाण वास आला तर आत पोकळी आहे. ती डॉक्टरांकडून उघडून, धुऊन, खालच्या बाजूला वाट ठेवून मोकळी ठेवावी लागते. टाके घालून बंद केली की सडलीच म्हणून समजा. माशी बसली तर दोन-तीन दिवसांत अळ्या होतात, म्हणून जखमेवरचा स्प्रे रोज दोन वेळा.

ताजा चावा असेल तर पहिली १५ मिनिटं वाहतं पाणी आणि कपड्याचा साबण, त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन. हळद, मिरची, चुना यातलं काही जखमेत भरायचं नाही. घाबरून धापा टाकणाऱ्या शेळीच्या तोंडात गूळपाणी ओतू नका, ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. सावलीत, अंगावर पोतं टाकून शांत ठेवा.

रेबीजची लस चावल्यानंतरही देतात. दिवस ०, ३, ७, १४, २८ आणि डॉक्टर म्हणाले तर ९० वा. आठवडा झाला म्हणून सोडून देऊ नका, पहिल्या सुईचा दिवस ० धरून आज सुरू करा. धनुर्वाताचंही विचारा. आणि गाभण आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण शेवटच्या महिन्यात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड टोचलं तर शेळी वेळेआधी विऊ शकते. पळापळीच्या धक्क्यानं पुढचे काही दिवस गाभडण्याचीही भीती असते, म्हणून तिला कळपात ढकलाढकलीत ठेवू नका. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं.

पुढच्या काही महिन्यांत एखादी शेळी लाळ गाळायला लागली, आवाज बदलला, गिळता येईना, तर ते रेबीज असू शकतं, घशात काहीतरी अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. ही चूक फार होते. आणि आत्ता जखम धुताना ज्याच्या हाताला खरचटलेलं होतं, त्यानं प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून यावं. चावणारं कुत्रं कुणाचं ते माहीत आहे, तर ते १० दिवस जिवंत आणि ठणठणीत राहतंय का, हे शेजाऱ्याकडून कळत राहील एवढा बोलण्याचा धागा ठेवा.

तार_आणि_खांब

जाळी फाटलेली नाही म्हणजे कुत्रं वरून आलं, खालून आलं, नाहीतर फाटकातून. चार फूट तर कारवानी उभ्या जागेवरून टाकतं. खालून यायला गावठी कुत्र्याला वीतभर फट पुरते. आधी आवाराभोवती एक चक्कर मारा आणि कडब्याची गंज, पेंढीची पोती, बैलगाडीचं जू, यातलं काही जाळीला टेकलंय का बघा. कुत्रं गंजीवरून आत उतरतं, पण आतून परत चढता येत नाही म्हणून ते पिसाळल्यासारखं फिरतं आणि जास्त जनावरं मरतात. जाळीपासून ८ फुटांच्या आत गंज नको.

खालची बाजू अशी करा. तुमचा घेर १४० फूट. २ फूट रुंदीची चेनलिंक पट्टी घ्या (१२ गेज, २ इंची भोक) आणि जाळीच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरा. उभ्या जाळीला ती दर वीतभर अंतरावर बाइंडिंग तारेनं बांधा. वर दगड, नाहीतर ३-४ इंच मुरूम. पट्टी बाहेरच हवी, कारण कुत्रं जाळीच्या मुळाशीच उकरतं, दोन फूट मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही. पुष्कळ जण जाळी सरळ फूटभर खाली पुरतात. मुरमात ते खणणंच जिवावर येतं आणि काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडल्या की तिथूनच वाट होते. आडवी पट्टी भेगेवरही पसरून राहते. कोपऱ्यात पट्टी कापून एकावर एक फूटभर चढवा, नाहीतर तिथं तीनकोनी भोक राहतं.

वरच्या बाजूला खांबांना दीड फुटाचे लोखंडी अँगल बाहेर झुकते वेल्ड करा आणि त्यांवर जाळी ओढा. काटेरी तारेचे दोन पदर ओढून भागत नाही, कुत्रं त्यातून अंग चोरून जातं. खांब ८ ते १० फुटांवर, कोपऱ्याच्या खांबांना तिरके आधार. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळं खड्डा २ फूट घेऊन काँक्रीट भरा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर जाळीचा ताण परत बघा.

धनगरी वाघूर (मेंढरं कोंडायची दोरीची जाळी) लावायचा सल्ला कुणी देईल. वाघूर मेंढरं आत ठेवायला असते, कुत्रं बाहेर ठेवायला नाही.

कोरडवाहू_मंगळवेढा

झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं) लावलं तर जाळी बदलायचा खर्च वाचेल का? ज्यांनी बसवलंय ते म्हणतात उन्हाळ्यात झटकाच लागत नाही.

तार_आणि_खांब

जाळीच्या जोडीला लावा, जाळीऐवजी नको. सोलरवर, १२ व्होल्ट बॅटरीचं मशीन चालेल. तारा दोनच, जाळीच्या बाहेर ६ इंच पुढं काढलेल्या इन्सुलेटरवर. पहिली जमिनीपासून ८ इंच, दुसरी अगदी वर. कुत्रं आधी नाकानं हुंगतं आणि झटका नाकालाच लागतो, अंगावरच्या केसांतून नीट पोचत नाही. तार दीड-दोन फुटांवर लावली तर ते खालून डोकं घालतं, झटका पाठीला बसतो आणि ते मागं न जाता पुढं आत पळतं.

उन्हाळ्यात झटका न लागण्याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग. माती कोरडी, त्यात एकच सळई ठोकलेली. ५-६ फुटांच्या तीन जी.आय. (जस्त चढवलेल्या लोखंडी) सळया १० फूट अंतरानं ठोका, एकाच तारेनं जोडा आणि मार्च ते जून दर आठ दिवसांनी मुळाशी दोन घागरी पाणी ओता. सर्वात लांबच्या टोकाला टेस्टर ४००० व्होल्टच्या वर दाखवायला हवा. पावसाळ्यात उलटं होतं, तारेला गवत टेकतं आणि दाब उतरतो, म्हणून खालचा दीड फूट पट्टा खुरपून ठेवा. टिकटिक आवाज आला तर तार जाळीला कुठंतरी चिकटलीय.

घरातल्या २३० व्होल्टची तार सरळ कुंपणाला जोडायचा विचारही नको. त्यानं माणूस मरतो आणि जोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. मराठीत पाटी लावा, शाळेची पोरं बांधानंच जातात.

बांधावरचा_कायदा

‘तार_आणि_खांब’ यांचं सगळं मान्य, पण आवारात जाळी केली तरी दिवसा शेळ्या रानात जाणारच. कुत्रं बांधलं गेलं पाहिजे.

आधी कुत्र्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याचं जनावर मारणं किंवा लुळं करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. विष घातलं तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० वेगळा लागतो, आणि ते विष लांडग्यानं किंवा गरुडानं खाल्लं तर वन्यजीव कायदाही. कलम २९१ जनावराबद्दलच्या निष्काळजीपणाचं आहे, पण ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका असेल तेव्हा चालतं, नुसत्या शेळीसाठी ओढूनताणून लावू नका. हिंस्र कुत्रं मुसक्याशिवाय रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी मोकळं ठेवणं हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १०६ मध्ये आहे, तक्रारीत त्याचा उल्लेख करता येतो.

पुराव्याशिवाय भावकीत तोंड उघडू नका. सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा घ्या आणि तो ३ फुटांवर, आडवा बघेल असा लावा. खांबाच्या टोकावर लावला तर कुत्र्याची पाठ दिसते, पट्टा आणि छातीवरचा पांढरा ठिपका दिसत नाही. मेलेल्या जनावरासाठी पशुधन विकास अधिकाऱ्यांचा शवविच्छेदन अहवाल, पोलीस पाटील किंवा तलाठ्यासमोर दोन साक्षीदारांचा पंचनामा आणि सांगोल्याच्या बाजारातली चालू किंमत, एवढे कागद एकत्र ठेवा. शेळ्यांचा विमा असेल तर कानातला बिल्ला पडलेला नसावा, बिल्ला नाही तर दावा अडतो.

मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज, पोच घेऊन. भावकी असल्यानं तंटामुक्ती समितीसमोर बसणं जास्त कामाचं. तिथं नुकसानीचा आकडा आणि ‘संध्याकाळी ७ ते सकाळी ७ कुत्री बांधलेली राहतील’ असं वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या. नुसतं ‘काळजी घेऊ’ लिहिलं तर त्याला अर्थ नाही.

शेजारी म्हणतील, कुत्रं बांधून ठेवलं तर राखण कोण करणार? त्यांना सरकती साखळी सुचवा. दोन खांबांमध्ये ३० फूट जाड तार, तिच्यावर कडी, कडीला ६ फूट साखळी आणि पट्ट्याजवळ भोवरकडी. भोवरकडी नसेल तर साखळीला पीळ पडून कुत्रं अडकतं. दोन्ही खांबांच्या ७ फूट अलीकडं तारेला गाठ मारा, म्हणजे ते खांबाला गुंडाळलं जाणार नाही. गळ्यात लोढणं अडकवू नका, गुडघे सोलून निघतात. नसबंदीनं भटकणं कमी होतं, पण शेळीमागं पळायची लागलेली चटक जात नाही. आणि ते कारवानी सशामागं सोडायला पाळलं असेल तर ती शिकारच बेकायदा आहे, हे समितीत सौम्यपणे कानावर घाला, फरक पडतो.

गोठा_आणि_सुई

एक राहिलं. शेळी व्याल्यावर वार (जार) कुठं टाकता? बांधावर फेकत असाल तर कुत्र्यांना तुमच्या गोठ्याची वाट तुम्हीच दाखवताय. मेलेली करडंही तसंच. ३-४ फूट खड्डा, चुना, वर दगड. जवळ कोंबड्यांचं शेड असेल तर त्यांच्या मेलेल्या कोंबड्या कुठं जातात तेही बघा.

कोरडवाहू_मंगळवेढा

शेळीला आज पहिली सुई दिली. मांडीत खरंच पोकळी निघाली, डॉक्टरांनी उघडून धुतली. आवाराला चक्कर मारली. गंज जाळीपासून ३ फुटांवर होती, ती हलवतोय. फाटकाखाली मधोमध एक वीत आणि चार बोटं फट आहे, आणि खालच्या पाइपाला तांबूस केस चिकटलेत. तिथं पट्टी अंथरली तर फाटक उघडताना अडकेल, काय करू?

तार_आणि_खांब

फाटकाखाली पट्टी नकोच. शहाबादी फरशी बसवा, दीड फूट रुंद आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त लांब, खाली ४ इंच काँक्रीट. फरशी आणि पाइपात दोन बोटांपेक्षा जास्त फट राहू देऊ नका. बिजागऱ्या ढिल्या झाल्या की फाटक कडीच्या बाजूला उचलता येतं, म्हणून त्या टोकाला खाली एक कडी आणि फरशीत भोक. केस कागदाच्या पुडीत, तारीख घालून ठेवा, समितीत उपयोगी पडतील.