अमेरिकी शहरांच्या नोकरभरतीतील वांशिक विषमता

प्रश्न : अमेरिकेतील शहरे कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढवण्यासाठी आपल्याप्रमाणे जागा राखून ठेवतात का? नसल्यास न्यायालयात कोणता उपाय टिकतो?

उत्तर १ : आपल्यासारखे घटनादत्त आरक्षण तेथे नाही. नोकरीत वंशावरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील तरतुदी १९७२ पासून शहरांनाही लागू असल्याने वाद बहुधा परीक्षेवरच येतो. न्यूयॉर्क अग्निशमन दलाच्या १९९९ व २००२ च्या लेखी परीक्षांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो उमेदवार मागे पडत होते. त्या परीक्षांचा प्रत्यक्ष कामाशी पुरेसा संबंध शहराला सिद्ध करता आला नाही, म्हणून २००९ मध्ये न्यायालयाने त्या भेदभावकारक ठरवल्या.

उत्तर २ : मात्र कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहराचा अनुभव उलटा आहे. तेथील अग्निशमन दलाच्या २००३ च्या पदोन्नती परीक्षेत एकही कृष्णवर्णीय तात्काळ बढतीस पात्र ठरत नव्हता, म्हणून शहराने निकालच बाजूला ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी शहराचा तो निर्णय बेकायदा ठरवला.

उत्तर ३ : म्हणूनच, माझ्या मते, प्रश्नपत्रिका आणि पात्रतेच्या अटी आधीच तपासाव्यात. कॅलिफोर्नियात तर १९९६ पासून सरकारी नोकरीत वंशावरून प्राधान्य देण्यास बंदीच आहे. तेथील शहरांना जाहिरातीचा आवाका वाढवणे आणि अनावश्यक अटी काढणे, एवढेच मार्ग मुख्यत्वे उरतात.